शनिवारचं टाचण

करुणा रामटेके माझ्या अंगणात आली ती सफाई खात्याचा हिरवा अंगरखा अंगावर ठेवूनच. मी ओसरीत तांदूळ निवडत होते. तिनं हातातला कागद सरळ माझ्या सुपात टाकला.

"वाचा जी बाई. माझ्या पोरीले चोर म्हणून रायले."

कागद राज्य प्रकल्पशिक्षण मंडळाचा होता. 'कु. यशोधरा देवानंद रामटेके, इयत्ता आठवी, आंभोरी. सदर विद्यार्थिनीने अकरा दिवस दुसऱ्या विद्यार्थिनीच्या पाटीवर काम करून मूल्यमापनात फसवणूक केल्याचे आढळले आहे. सुनावणी होईपर्यंत तिचे दिशापत्र रोखण्यात येत आहे.'

दिशापत्र आठवीच्या शेवटी मिळतं. नववीपासून पोरानं कोणत्या शाखेच्या शाळेत जायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते नसलं तर कुठलीच शाळा दारात उभं करत नाही.

"दुसरी विद्यार्थिनी कोण?"

"देशकर डॉक्टरची इरा. दोघींनी आपसात पाट्या बदलल्या. तिच्या घरीही कागद गेला बाई. तिच्या कागदावर काय लिवलं आहे ठाऊक आहे? 'अतिरिक्त जिज्ञासा. प्रेमाने समज द्यावी.'" करुणा हसली, पण ते हसू पाहवत नव्हतं. "एकच काम दोघींनी केलं. तिची जिज्ञासा, अन् माझीची फसवणूक."

मी चौतीस वर्षं शिकवलं. मुलांवर मी कधी आवाज चढवला नाही, त्याचा मला थोडा गर्वच होता. त्या दिवशी मी सूप असं आपटलं की अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले.

आता हे पाटीचं प्रकरण सांगायला हवं.

पाटी म्हणजे टॅब्लेटच, पण गावात सगळे पाटीच म्हणतात. तिच्यात जे यंत्र चालतं त्याचं नाव वाटाड्या. पोराच्या हातातल्या पेनाला दाब कळतो. पाटीच्या कडेला एक भिंग आहे, त्याला पोराचे डोळे कळतात. पोर कुठं अडखळलं, कुठं कंटाळलं, कुठं श्वास रोखून पुढं वाकलं, हे वाटाड्या सेकंदा-सेकंदाला टिपतो आणि त्यावरून प्रत्येकाला वेगळा प्रकल्प देतो. त्या एका प्रकल्पातूनच त्याचं गणित, त्याचं विज्ञान, त्याची भाषा. साठ मुलांना एकच धडा एकाच चालीनं शिकवणं चूक आहे, असं मी आयुष्यभर सांगत आले होते. प्रत्येक डोकं आपल्या वेळेला उघडतं. आठ वर्षांपूर्वी वाटाड्या शाळेत आला तेव्हा मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तरी मी वर्गाच्या खिडकीशी उभी राहून पाहायची. तीस पोरं तीस वेगळ्या कामांत बुडालेली. मला वाटायचं, हे पाहायला मी जिवंत राहिले, बरं झालं.

पण वाटाड्याला एकच गोष्ट कमी करायला सांगितलेली आहे. अडखळ. आणि ओळखीच्या गोष्टीत पोर कमी अडखळतं. ढिवराच्या पोराला मासे धरायच्या जाळ्याचे आस, म्हणजे विणीतली भोकं, मोजायला दिले की तो भराभर मोजतो. म्हणून यंत्र त्याला पुन्हा मासळीचाच प्रकल्प देतं. त्यात तो आणखी पुढं जातो, म्हणून तिसराही तोच. गवतावरून एक माणूस चालला की गवत वाकतं. दुसरा तिथूनच जातो, महिन्याभरात पायवाट पडते, आणि वर्षानं सगळे म्हणतात की रस्ता आधीपासून इथंच होता. उरलेल्या मैदानात कोणाचं पाऊल पडत नाही.

यशोधराला दुसरीत खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे बांधून दशक-एकक शिकवलं. चौथीत कचऱ्याच्या डब्याचं घनफळ. सहावीत गटाराचा उतार. सातवीत मैल्याच्या टाकीत कोणता वायू साचतो. दरवर्षी नव्वदच्या वर गुण. आठवीच्या आरंभी दिशापत्राचा कच्चा मसुदा आला, त्यावर लिहिलं होतं: 'सांडपाणी व स्वच्छता तंत्र.' तिच्या गल्लीत आठवीची चौदा पोरं आहेत. चौदाही जणांच्या मसुद्यावर तेच.

करुणा आली त्याच दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी दोघी पोरींना घरी बोलावलं.

"ही अक्कल कोणाची?"

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

"आजी, मला दुसरीपासून नुसती हाडं," इरा म्हणाली. "आधी दात, मग हाडं, मग हृदय, आणि पुन्हा हाडं. एकदा मी मुद्दाम सगळं चुकीचं लिहिलं. तर त्यानं मला सोपी हाडं दिली."

यशोधरा फिस्कन हसली. "हिनं आमच्या गल्लीतलं गटार मोजलं बाई. गवंड्याकडची लेव्हलची नळी आणली. नाकाले रुमाल बांधून!"

"रुमाल पहिल्याच दिवशी. आणि दवाखान्यामागं पाणी उलटं वाहतं, हे कोणी शोधलं? चार सेंटिमीटर! बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, तू तिकडं गेलीसच का."

"आणि तू गं?" मी यशोधराला विचारलं.

तिनं दप्तरातून बांबूचे दोन तुकडे काढले. त्यांची टोकं घासून गोल केलेली, मध्ये सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधलेल्या. तिनं तो सांधा माझ्यासमोर वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"गुडघा आहे बाई. पट्टी इथं बांधली की वाकते. इथं बांधली की निसटते. तीन दिवस निसटतच होता. पाटी म्हणे, अडखळ जास्त होत आहे, सोपं देऊ का? मी 'नाही' दाबलं. परत विचारे, परत 'नाही' दाबलं. सतरा वेळा विचारलं तिनं."

"आणि गुडघाच का?"

ती जरा लाजली. "आईचा वाजते जी. खराटा घेऊन झाडाले वाकली की कट् करते. आत काय कट् करते ते पाहाचं होतं."

आठ वर्षं ज्या यंत्रानं ह्या पोरीच्या डोळ्यांची प्रत्येक हालचाल मोजली, त्याला एवढं कळलं नव्हतं. तिच्या घरातला खराटा त्याला दिसला होता. तिच्या आईचा गुडघा दिसला नव्हता.

सुनावणी तालुक्याच्या केंद्रात होती. यशोधरा, करुणा आणि मी, अशा तिघी गेलो. मंडळाच्या बाजूनं टेबलामागं बसला होता हेमराज नान्हे. वाटाड्या ज्यांनी घडवला त्यांतला हा एक, आता विभागाचा प्रमुख. नदीकाठच्या ढिवराचा मुलगा. सातवीपर्यंत माझ्याच वर्गात होता. मला पाहताच उठला आणि पाया पडला.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतला? मी सांभाळून घेतलं असतं."

"काय सांभाळून घेतलं असतंस?"

त्यानं पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. इराच्या पाटीवर अकरा दिवस जो हात लिहीत होता त्याचा दाब इराचा नव्हता. "यंत्राला हात ओळखता येतो, बाई. त्यात चूक नाही."

"एकीची जिज्ञासा आणि एकीची फसवणूक, हेही यंत्रानंच ओळखलं का?"

"ते... आधीच्या नोंदींवरून ठरतं. इराचा शरीरशास्त्राकडं कल आहे, म्हणजे तिनं बाहेर पाऊल टाकलं की ते कुतूहल. यशोधराचा कल सांडपाण्याकडं. ती तिकडून शरीरशास्त्रात गेली, तर काही तरी मिळवण्यासाठी गेली, असा अर्थ लागतो."

"असा अर्थ कोण लावतं?"

तो पडद्यावरच्या रेषा पुढं-मागं सरकवू लागला.

"ह्यात आईबापाचा धंदा कुठं भरला आहे तुम्ही?"

ह्या प्रश्नावर मात्र त्याला जोर आला. "कुठंच नाही, बाई! जात नाही, धंदा नाही, उत्पन्न नाही. तसे रकानेच नाहीत. मी स्वतः भांडून काढायला लावले."

"मग एका गल्लीतल्या चौदा पोरांना चौदा गटारं कशी मिळाली?"

हेमराजनं माझ्याकडं पाहिलं, करुणाकडं पाहिलं. मग पडदा माझ्याकडं वळवला.

पडद्यावर माझं अक्षर होतं.

निवृत्त होताना मी माझ्या टाचणवह्या मंडळाला दिल्या होत्या. शिक्षक रोज काय शिकवणार ते ज्यात लिहितो ती टाचणवही. चौतीस वर्षांच्या वह्या, त्यात मी आंभोरीतल्या कामधंद्यांवरून रचलेले चारशे बारा प्रकल्प. माझा तेव्हा सत्कार झाला होता, शाल अजून ट्रंकेत आहे. मंडळानं त्यांना 'निमजे प्रकल्पसंच' असं माझं नाव दिलं. आणि त्या प्रत्येक प्रकल्पाखाली माझ्या गोल अक्षरात एक ओळ होती. 'काड्यांचे गठ्ठे व दशक. प्रमुख: सफाई खात्यातल्यांचं पोर.' 'जाळ्याचे आस व क्षेत्रफळ. प्रमुख: ढिवराचं पोर.' 'नाडीचे ठोके व सरासरी. प्रमुख: डॉक्टरांचं पोर.'

"कोणता प्रकल्प कोणाचा, हे राज्यभरचं यंत्र ह्यावरून शिकलं," हेमराज हळू बोलत होता. "पोर पहिलीत आलं की ते काही शब्द टाकून पाहतं. 'खराटा' म्हटल्यावर ज्याचं पेन थांबत नाही, ते कुठल्या घरचं, हे त्याला विचारावंच लागत नाही."

मी त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

"हेमराज, 'प्रमुख' म्हणजे काय होतं माझ्या वर्गात?"

"त्या आठवड्याचा गुरुजी. त्यानं शिकवायचं, बाकीच्यांनी विचारायचं."

"दुकानदाराच्या पोरानं ढिवराच्या पोराला विचारायचं, बाबा रे, हे कसं करतात. खरं ना? सोमवार ते शुक्रवार. आणि शनिवारी?"

त्याचा चेहरा उतरला. मला कळलं, त्याला आठवतंय.

"शनिवारी दप्तर नसायचं," तो म्हणाला. "चिठ्ठ्या काढायच्या. जे घरी कधी पाहिलं नाही तेच करायचं. मला तांबटाची भट्टी आली होती. पितळ वितळताना पाहिलं. दोन बोटं भाजली. पण त्या दिवसानंतर मला मासळीत मन लागेना. धातूच पाहिजे होता."

"म्हणून तू इंजिनिअर झालास. ती चिठ्ठी तुझ्या यंत्रात कुठं आहे?"

"वह्यांत शनिवारची पानं कोरी आहेत, बाई."

होती. मीच कोरी ठेवली होती. टाचणवही साहेब तपासायचे. सोमवार-मंगळवारी तपासणी होई, शनिवारच्या सकाळच्या शाळेत साहेब कधी फिरकत नसत. चिठ्ठ्यांचं लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे कोणत्या घटकात बसतं? मग ते कुठल्या तरी घटकात बसवावं लागलं असतं, आणि बसवलं की त्यातला जीव गेला असता. म्हणून मी लिहिलंच नाही. साहेबांपासून काही तरी वाचवलं ह्या समाधानात मी चौतीस वर्षं काढली. आणि पुढं जे वाचायला बसलं त्याच्या हाती माझी अर्धीच शाळा लागली. पोराला त्याच्या घरातून वर्गात आणणारी अर्धी. घराबाहेर नेणारी अर्धी माझ्या डोक्यात राहिली.

ही माझी चूक. तिच्याबद्दल मी कोणाकडं माफी मागणार नाही, कारण ती मिळायला नको.

पण त्या खोलीत चूक करणारी मी एकटी नव्हते.

"यंत्राला शनिवार माहीत नव्हता," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, आणि मी तो चढू दिला. "तुला माहीत होता. तुझी बोटं भाजली होती! कोऱ्या पानांवर तुझी नजर गेली तेव्हा तू काय केलंस?"

"बाई, त्याची नोंदच नव्हती..."

"नोंद नव्हती. आठवण तर होती?"

हेमराज टेबलावरचा कागद सरळ करत राहिला. तो सरळच होता.

मग तो म्हणाला, "मी हिच्यापुरतं मिटवतो. मला तेवढा अधिकार आहे. आरोप काढतो, दिशा बदलतो. वैद्यक देतो. इथं सही केली की झालं."

करुणानं पेन उचलून पोरीच्या हातात कोंबलं. "कर सही. साहेबाचं मन बदलाच्या आधी कर."

यशोधरानं कागद वाचला. ती सगळं वाचते, बोट ठेवून वाचते. बोट एका जागी थांबलं.

"सवलतीचे कारण, असाधारण गुणवत्ता. असाधारण म्हणजे काय जी?"

"म्हणजे तू खूप हुशार आहेस," हेमराज म्हणाला.

"अन् आमच्या गल्लीतले बाकीचे तेरा?"

"त्यांचं... त्यांचं दिशापत्र योग्य आहे."

"म्हणजे मी हुशार नसती तर मले गुडघा पाहाले भेटला नसता?"

हेमराजनं कागद तिच्याकडं आणखी सरकवला.

"इराले पाहाले भेटते ना. ती काय असाधारण आहे? तिले तर साधी नळी धरता येत नव्हती." तिनं पेन खाली ठेवलं. "मले हे नको."

"यशे!" करुणाचा हात वर गेला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तो हात हवेत तसाच राहिला, आणि मग तिनं तो टेबलावर आपटला. पोरीवरचा राग घेऊन ती माझ्याकडं वळली.

"तुमच्याच अक्षरानं झालं ना जी हे? मी पाहून रायली तवाची. तुमचंच अक्षर आहे. मग तुम्हीच पुसा!"

अशी आज्ञा मला कोणत्याही साहेबानं दिली नव्हती. आणि इतकी बरोबर आज्ञाही कधी मिळाली नव्हती.

"हेमराज, वह्या देताना मी संमतीपत्रावर सही केली होती. ती संमती मागे घेता येते ना?"

तो खुर्चीतून अर्धा उठला. "बाई, थांबा. तुमचे प्रकल्प काढले तर वाटप कोसळेल. कोणाला काय द्यायचं हेच त्याला कळणार नाही. अकरा हजार शाळा आहेत. ह्या वर्षीची सगळी दिशापत्रं रद्द होतील. तुमचं नाव जाईल. चाळीस वर्षांचं काम..."

"चौतीस."

"बाई, ऐका."

"वाटप रद्द झालं, तर कोणता प्रकल्प कोणाचा, हे उरतं का?"

"नाही उरत."

"मग हिनं कोणाचा प्रकल्प चोरला?"

हेमराजनं पडद्याकडं पाहिलं. तिथं अजून माझं अक्षर होतं.

"कोणाचाच नाही," तो म्हणाला.

"अंगठा कुठं लावायचा ते दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या अंगणात माणसं जमली. त्यांच्या मुलांची चांगली चांगली दिशापत्रं गेली होती. देशकर डॉक्टर सगळ्यांच्या पुढं होते.

"निमजे बाई, माझ्या मुलीची वैद्यकाची दिशा गेली. ह्याला जबाबदार कोण?"

"मी."

"तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"वाटतं, डॉक्टर. वर्षामागून वर्ष एका गल्लीत गटाराचंच पत्र येत होतं, तेव्हा तुमच्यापैकी एकही माणूस असा अंगणात आला नाही, ह्याचं वाटतं. मी तरी कुठं गेले होते? त्याचं जास्त वाटतं. आता शिव्या द्यायच्या असतील तर द्या, मला वेळ आहे. पाणी हवं असेल तर माठ तिकडं आहे."

दिल्या त्यांनी. इरा बापाच्या मागं उभी होती, ती मात्र मला डोळ्यांनी हसत होती. पत्रंही आली, परक्या शाळांतल्या मास्तरांची. एकानं लिहिलं होतं, तुमच्यामुळं सोमवारी वर्गात जाऊन काय करायचं ते मला समजत नाही. त्याला मी उत्तर दिलं, की ते न समजणं हीच आपली नोकरी होती.

पंधरा दिवसांनी मंडळानं तात्पुरता तोडगा काढला. आठवीच्या प्रत्येक मुलानं स्वतःच्या हातानं एक अर्ज भरायचा. त्यात एकच ओळ. 'मला काय शिकायचे आहे.' पुढं मोकळी जागा.

यशोधरा तो अर्ज घेऊन माझ्या ओसरीत येऊन बसली. अर्धा तास पेन चावत होती.

"गुडघा लिही की," मी म्हटलं.

"गुडघा झाला जी बाई. इरा म्हणते, कानात हाडं असतात, तांदळाएवढी. आता ते पाहाचं आहे. अन् तिच्यासंगं ते उलटं गटारही सरळ कराचं आहे. अजून काय काय निघन, आत्ता कसं सांगू?"

मग तिनं लिहिलं. अक्षर माझ्यासारखं गोल नाही तिचं, तिरकं आहे. 'अजून ठरलं नाही.'

तिसऱ्या दिवशी दुपारी हेमराजचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"बाई, यशोधराच्या अर्जाची अडचण झाली आहे. आणि तिच्याच गल्लीतल्या नऊ जणांनी तेच लिहिलं आहे. डॉक्टरांच्या मुलीनंसुद्धा. यंत्र हे उत्तर घेत नाही."

"मग तू घे," मी म्हणाले.